चांदणीची चकती

परवा दुपारी मित्राने फाइल पाठवली. आमच्या शाळेच्या बॅचची स्मरणिका. उघडायला गेलो आणि वर्ड थबकलं. खाली बारीक अक्षरांत कुठल्याशा सर्व्हरशी संपर्क साधत असल्याचं दिसत राहिलं. माझा चहा गाळून झाला तरी तेच.

मग उलगडा झाला. हा गडी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. पण नवी फाइल करायची म्हणजे जुनी उघडायची, आतला मजकूर पुसायचा आणि ‘सेव्ह ॲज’ करायचं, ही सवय सुटलेली नाही (तुमची तरी सुटलीय का?). त्या जुन्या फाइलचं टेम्प्लेट, म्हणजे ती ज्यावरून बेतली तो साचा, ऑफिसच्या सर्व्हरवर. म्हणजे माणूस घरी बसला, पण फाइल मात्र उघडली की आधी ऑफिस शोधायला निघते.

“तुझ्याकडेही एवढाच वेळ लागतो?” मी फोन करून विचारलं.

“मशीन जुनं झालंय ना माझं.”

उघडली एकदाची. मथळे, परिच्छेद जागच्या जागी होते, कारण स्टाइल्स, म्हणजे अक्षरांची नि परिच्छेदांची ठेवण, फाइलच्या जन्माच्या वेळीच टेम्प्लेटमधून तिच्यात उतरतात. मॅक्रो (आपोआप होणारी ठरीव कामं) आणि ऑटोटेक्स्ट (साठवून ठेवलेला तयार मजकूर) मात्र टेम्प्लेटपाशीच राहतात. “अरे, नुसतं ‘शुभे’ लिही आणि एफ-थ्री दाब, शुभेच्छांचा अख्खा परिच्छेद येतो,” तो म्हणाला. दाबलं. ‘शुभे’ तसंच. तिकडे जरा शांतता. मग, “ऑफिसात यायचा रे.”

आमच्या वाड्यात आमचा पितळी सोऱ्या असाच घरोघर फिरायचा. त्याच्यावर आजोबांचं नाव घातलेलं होतं, त्यामुळे कुठेही गेला तरी परत यायचा. चकत्यांवर कोण नाव घालणार? एका दिवाळीत शेजारच्या काकूंकडे तो मीच पोचवला. भाजणी भिजवून मळलेली, तेल तापलेलं, आणि सोऱ्यात शेवेची चकती. चांदणीची आमच्या डब्यात राहिलेली. काकूंनी मला पळवलं. वाटेत अंगणात गोट्यांचा डाव रंगला होता. मी परत गेलो तेव्हा पहिला घाणा निघाला होता. त्या वर्षी काकूंकडे फराळाला भाजणीची शेव होती. “यंदा मुद्दामच केली,” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. माझ्याकडे न बघता.

पुढे फ्लॉपीचे दिवस आले तेव्हाही हेच. मजकूर न्यायचा आणि ‘सुरेख’ नावाचा मराठी फाँट घरी विसरायचा. छापखान्यात फाइल उघडली की पडद्यावर कंस, टिंबं आणि उलटीसुलटी रोमन अक्षरं. युनिकोड आल्यावर ते दुखणं बरंच गेलं.

माझी आपली एक खोड आहे. कुणाचीही फाइल आली की मजकूर वाचायच्या आधी टेम्प्लेटच्या खिडकीत जाऊन ‘ऑटोमॅटिकली अपडेट डॉक्युमेंट स्टाइल्स’ची टिक काढायची. झोपायच्या आधी गॅस बघतात ना, तसं. ती राहिली की ज्याच्या मशीनवर फाइल उघडेल त्याच्याकडच्या टेम्प्लेटचे कपडे तिच्या अंगावर चढतात. ते टेम्प्लेट बहुतेक वेळा ‘नॉर्मल’ नावाचं असतं, आणि प्रत्येकाचं नॉर्मल निराळं. मला पीडीएफ पाठवा म्हणणारे शहाणे असतात. पीडीएफ म्हणजे तळून काढलेली चकली, कुठेही न्या, काटे तसेच. पण स्मरणिकेत अजून शुद्धलेखन व्हायचं होतं.

तर त्याच खिडकीत गेलो. सर्व्हरचा पत्ता काढून टाकून तिथे नॉर्मल जोडायचं, एवढंच काम. चौकटीत तो लांबलचक पत्ता होता. आधी सर्व्हरचं नाव, मग विभागाचं, आणि त्याच्याखाली फोल्डर, ह्याच्या आडनावाचा.

‘ओके’ दाबायच्या आधी मी तो एकदा पुरता वाचला.