दाजींच्या होडीचा प्लॉटर, वायरलेस आणि एआयएस उद्यमनगरात जोडले, माझा अनुभव

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं पॅनल वायरिंगचं काम, समुद्राशी संबंध एवढाच की बहीण मालवणला दिलीय. दाजींची फायबरची छोटी होडी आहे, त्यावर जीपीएसवाला चार्टप्लॉटर (समुद्राच्या नकाशावर होडी कुठं आहे ते दाखवणारा स्क्रीन), व्हीएचएफ वायरलेस (बोलायचा रेडिओ) आणि एआयएस रिसीव्हर (आसपासच्या जहाजांनी पाठवलेली त्यांची ओळख-ठिकाण पकडणारा), तिन्ही वेगळ्या कंपन्यांचे आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. फोन केला की दाजींचं एकच, "रेडिओ सारखो बोंबलता रे." बोंबलणारच की, त्याला पोझिशन मिळत नव्हती. त्याचं लाल बटण दाबलं की चॅनल 70 वरनं डीएससीचा, म्हणजे न बोलता डिजिटल संदेशानं, संकट कॉल जातो, पण त्यात ठिकाणच नसेल तर शोधणाऱ्यानं शोधायचं कुठं? म्हटलं दाजी, सगळं काढून इकडं पाठवून द्या, हलत्या होडीत वाकून वायरी सोलण्यापेक्षा टेबलावर बघू.

जोडणी एनएमईए 0183 ची, म्हणजे होडीवरच्या यंत्रांनी एकमेकांना डेटा द्यायची ठरलेली पद्धत. यात एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात, म्हणजे प्लॉटरचं आउटपुट ए रेडिओच्या इनपुट ए ला आणि बी ला बी. वायरींच्या रंगावर मात्र अजिबात जायचं नाही, प्रत्येक कंपनीचं वेगळंच असतं, मॅन्युअल उघडूनच बसायचं. आमच्या एआयएसला डेटाची एकच वायर आणि ग्राउंड होतं, मग ती वायर प्लॉटरच्या इनपुट ए ला आणि ग्राउंड इनपुट बी ला.

खरी गंमत स्पीडची. रेडिओ 4800 बॉडवर (बॉड म्हणजे डेटाच्या स्पीडचं माप) ऐकतो, एआयएस 38400 वर बोलतो, आणि या प्लॉटरच्या एका पोर्टला येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाचा स्पीड एकच ठेवावा लागतो. म्हणजे दोन्ही एकाच पोर्टला लावले की एक चालू झालं की दुसरं गप्प, कितीपण वायरी हलवा. दुसरा पोर्ट होता म्हणून निभावलं, पोर्ट 1 ला रेडिओ 4800, पोर्ट 2 ला एआयएस 38400. प्लॉटर खिडकीत आभाळाकडं तोंड करून ठेवला, सॅटेलाइट लागले, आणि रेडिओच्या स्क्रीनवर 16 अंश 42 मिनिटं, 74 अंश 14 मिनिटांच्या आसपास आकडे आले. एक नंबर!

एआयएसचं टेस्टिंग इथं होणार कसं, मधे अख्खा सह्याद्री आडवा, जहाजाचा सिग्नल येतोय कुठला. मग लॅपटॉपला कन्व्हर्टर लावून सिम्युलेटरनं मालवणसमोर एक खोटं जहाज सोडलं, ते प्लॉटरवर त्रिकोण होऊन सरकायला लागलं. शेजारचा लेथवाला बघून गेला, "भावा, पंचगंगेत जहाज आणतोस काय?"

सप्लायचं दाजींना फोनवर नीट बजावलं. रेडिओ 25 वॅटवर बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो, बारीक वायरीवर व्होल्टेज पडतं आणि त्याच वायरीवरचा प्लॉटर रिस्टार्ट होतो, म्हणून रेडिओला थेट बॅटरीवरनं वेगळी जाड वायर आणि स्वतःचा फ्यूज. वायर टिनचा मुलामा असलेलीच घ्यायची, साधं तांबं खाऱ्या हवेत आतनं काळं पडत जातं. रेडिओ इथनं बोलून बघितला नाही, लायसन होडीचं आहे, उद्यमनगराचं नाही.

एमएमएसआय नंबरपण, म्हणजे संकट कॉलमधे होडीची ओळख सांगणारा नंबर, मी रेडिओत भरला नाही. भारतातल्या होड्यांचा 419 नं सुरू होतो, नऊ आकडी, आणि बऱ्याच सेटमधे एक-दोनदाच भरता येतो, मग लॉक. लायसनचा कागद हातात आला की दाजी स्वतः बघून भरणार.