वेलिगामाच्या उबदार पाण्यातले नऊ दिवस: सर्फिंगच्या सहलीचा वृत्तांत

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझा मावसभाऊ श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर वेलिगामा येथे नऊ दिवस सर्फिंगसाठी राहून आलो. त्याला न फुटलेल्या लाटेवर उभे राहून तिच्या कडेकडेने जाता येते; मला मात्र फुटून गेलेल्या लाटेच्या फेसात बोर्डावर उभे राहण्यापलीकडे तेव्हा काही येत नव्हते. दोघांची तयारी इतकी वेगळी असताना एकच ठिकाण निवडायचे होते, म्हणून निघण्यापूर्वी आम्ही वारे, लाटा आणि समुद्राचा तळ यांची बरीच माहिती काढली. त्यातले जे कामी आले आणि जिथे आमचा अंदाज चुकला, ते दोन्ही आमच्यानंतर जाणाऱ्यांसाठी येथे लिहीत आहे.

पहिला प्रश्न महिन्याचा. श्रीलंकेच्या दक्षिण आणि नैऋत्य किनाऱ्यावर सर्फिंगचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो, कारण त्या काळात ईशान्य मोसमी वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटेला समोरून हलकेच थोपवून धरतात. अशी लाट उशिरा आणि नीट आकारात फुटते. मे महिन्यात नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की याच किनाऱ्यावर वारा समुद्राकडून येतो, पाणी खवळलेले राहते आणि लाटेला आकार उरत नाही; त्याच वेळी पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बेचा हंगाम सुरू होतो. म्हणजे देश एकच, परंतु महिना बदलला की जाण्याचा किनाराही बदलतो. पाण्याचे तापमान बाराही महिने २७ ते २९ अंश सेल्सियसच्या आसपास असते, त्यामुळे ‘पाणी उबदार केव्हा असते’ हा प्रश्न येथे गैरलागू आहे. विचारायचे ते वाऱ्याबद्दल.

मोसमी वाऱ्यांइतकेच महत्त्व रोजच्या मतलई आणि खाऱ्या वाऱ्यांना आहे. शाळेच्या भूगोलात शिकलेली ही जोडी तिथे रोज डोळ्यांसमोर उलगडत होती. पहाटे जमिनीवरून मंद मतलई वारा येत असे आणि वेलिगामाच्या उपसागराचे पाणी तेल ओतल्यासारखे गुळगुळीत असे. साडेदहा-अकराच्या सुमारास जमीन तापली की वारा फिरे आणि अर्ध्या तासात सगळ्या पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या उठत. सूर्योदय साडेसहाच्या आगेमागे होत होता आणि आम्ही सहा वाजता वाळूवर असायचो. नऊ दिवसांतल्या माझ्या सगळ्या चांगल्या लाटा सकाळी नऊच्या आतल्या आहेत.

लाटांचा अंदाज वाचताना नवखा माणूस फक्त उंची पाहतो. मीही तेच करत होते. मावसभावाने मला आवर्तकाल पाहायला शिकवले, म्हणजे एका लाटेचा माथा गेल्यावर दुसऱ्या लाटेचा माथा किती सेकंदांनी येतो ते. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटेचा आवर्तकाल सहा-सात सेकंद असतो, तर दक्षिण हिंदी महासागरात, ४० ते ५० अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यातल्या वादळांतून निघालेल्या लाटांचा तो १४ सेकंद किंवा त्याहून अधिक असतो. लाटेची ताकद उंचीच्या वर्गाच्या आणि आवर्तकालाच्या प्रमाणात वाढते, म्हणून एक मीटर उंचीची १४ सेकंदांची लाट तेवढ्याच उंचीच्या सात सेकंदांच्या लाटेच्या दुप्पट जोर घेऊन येते. १४ सेकंदांच्या लाटांचा समूह खोल समुद्रातून ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने पुढे सरकतो. पाच हजारांहून अधिक किलोमीटर अंतर कापून वेलिगामाला यायला त्याला पाच ते सहा दिवस लागतात. त्यामुळे मोठ्या लाटांची चाहूल जवळजवळ आठवडाभर आधी लागते आणि कोणत्या दिवशी पाण्यात उतरावे, कोणत्या दिवशी विश्रांती घ्यावी, हे आधीच ठरवता येते. वाऱ्याच्या अंदाजावर मात्र दोन दिवसांपलीकडे विसंबू नये.

वेलिगामा निवडण्याचे खरे कारण तिथला तळ. सिंहली भाषेत ‘वेलि’ म्हणजे वाळू आणि ‘गम’ म्हणजे गाव; नावाप्रमाणेच दक्षिणेकडे तोंड असलेल्या या रुंद उपसागराच्या तळाशी बहुतांश वाळू आहे. उतार सौम्य असल्यामुळे लाट एकदम कोसळत नाही, माथ्यापासून हळूहळू विरघळत येते. लाट साधारणपणे स्वतःच्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात फुटते, म्हणजे शिकाऊ माणसाला झेपणारी पाऊण मीटरची लाट फुटते तिथे कमरेइतके पाणी असते आणि पडल्यावर पायाखाली वाळू लागते. पश्चिमेला काही किलोमीटरवरच्या मिडिगामा येथे खडक आणि प्रवाळ यांच्यावर फुटणाऱ्या लाटा आहेत. मावसभावाला तिथे जाता येत होते आणि मला उपसागरात राहता येत होते, त्यामुळे एकाच मुक्कामात दोघांची सोय झाली. वेगवेगळ्या तयारीच्या लोकांनी एकत्र जाताना असाच शेजार शोधावा.

आता चुकीबद्दल. उबदार पाण्याची मोठी भूल ही की शरीर ‘बाहेर चल’ म्हणत नाही. थंड पाण्यात तासाभरात बोटे बधिर होतात आणि माणूस आपोआप किनाऱ्याकडे वळतो. वेलिगामाच्या पाण्यात तशी सूचना मिळतच नाही. पहिल्या दिवशी मी सकाळी तीन तास आणि दुपारनंतर पुन्हा दोन तास पाण्यात होते. दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तितकीच. दुसऱ्या दिवशी रात्री खांद्यांच्या वर हात नेता येईना, बोर्डावर पालथे पडून पडून खालच्या बरगड्या ठणकू लागल्या, पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावलेले मेण आणि वाळू यांच्या घर्षणाने गुडघ्यांच्या आतल्या बाजूची कातडी निघाली आणि पोटऱ्यांची मागची बाजू भाजून लाल झाली. पालथे पडून हात मारताना पोटऱ्या सतत आकाशाकडे असतात, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. तिसरा आणि चौथा दिवस मी वाळूवर बसून काढला. नऊपैकी दोन दिवस, तेही लाटा सर्वांत चांगल्या असताना.

म्हणून पुढच्यांना माझा आग्रह आहे की पाण्यातला वेळ घड्याळ लावून मोजावा. पहिले तीन दिवस सकाळी दीड तास आणि संध्याकाळी फार तर एक तास पुरे. त्यानंतर एक दिवस पूर्ण विश्रांती, मग वेळ हळूहळू वाढवावा. पाण्यात असताना घाम येतो, पण जाणवत नाही, त्यामुळे उतरण्यापूर्वी आणि बाहेर आल्याबरोबर तहान नसली तरी पाणी प्यावे. वेलिगामा विषुववृत्तापासून जेमतेम सहा अंशांवर आहे आणि फेब्रुवारीत भर दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे ‘अतितीव्र’ या गटात जातो. अंगात लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट सदरा), पायांत घोट्यापर्यंत येणारी लेगिंग आणि चेहऱ्यावर झिंक ऑक्साइडचा जाड थर, एवढे केल्यावर उरलेल्या पाच दिवसांत मला काहीही त्रास झाला नाही. रॅशगार्ड दोन न्यावेत, कारण दमट हवेत ओला कपडा सकाळपर्यंत वाळत नाही आणि ओलसर, खारट कापड काखेत घासते. निघण्यापूर्वी महिनाभर पोहण्याचा आणि जोर काढण्याचा सराव केलेला असेल, तर या सगळ्याला फार मोठा फरक पडतो.

बोर्ड मी तिथेच भाड्याने घेतला. नऊ फुटांचा, वरून मऊ फोमचा. शिकाऊ माणसाने लांब आणि जाड बोर्डच घ्यावा. बोर्डाचे घनफळ लिटरमध्ये लिहिलेले असते आणि तो आकडा आपल्या वजनाच्या किलोच्या आकड्यापेक्षा चांगलाच जास्त असावा, म्हणजे लाट लवकर पकडता येते. घेताना मी फिन, म्हणजे बोर्डाच्या तळाचे कल्ले, हलवून पाहिले, भेगा पाहिल्या, पण लीशच्या, म्हणजे बोर्ड पायाला जोडणाऱ्या दोरीच्या, पट्ट्याकडे नीट पाहिले नाही. घोट्याला बांधायच्या त्या पट्ट्याच्या वेल्क्रोमध्ये बारीक वाळू इतकी घट्ट बसली होती की बारीक हुकांची बाजू हाताला खरखरीत लागण्याऐवजी गुळगुळीत लागत होती. कोरडा असताना तो पट्टा व्यवस्थित चिकटत होता. पाचव्या दिवशी मी एका लाटेवरून पडले, लीश ताणली गेली, घोट्यावर क्षणभर ओढ बसली आणि ती एकदम नाहीशी झाली. वर येऊन पाहते तो बोर्ड लाटेबरोबर आडवा होऊन उथळ पाण्यात उभ्या असलेल्या दोन मुलांच्या दिशेने चालला होता. त्यांच्या शिक्षकाने ओरडून त्यांना बाजूला केले म्हणून कोणाला लागले नाही. तेव्हापासून मी उतरण्याआधी पट्टा पाण्यात भिजवते, बांधते, पायाने दोन जोरदार हिसके देते आणि मगच पुढे जाते. आपला बोर्ड ही पाण्यातल्या इतरांच्या दृष्टीने सर्वांत धोकादायक वस्तू आहे, याची जाणीव मला त्या सकाळी झाली.

मावसभावाने स्वतःचा बोर्ड नेला होता. विमानासाठी त्याने फिन काढले, टोक आणि शेपटी टॉवेलांत गुंडाळली आणि कडांवर फोमच्या नळ्या बसवल्या. तिकीट काढण्यापूर्वीच त्या विमान कंपनीची बोर्डाच्या लांबीची मर्यादा तपासावी. ती प्रत्येकाची वेगळी असते. मेण उष्ण कटिबंधासाठीचेच घ्यावे, कारण थंड पाण्यासाठीचे मेण तिथे वितळून वाहते. बोर्डाला चीर पडली तर उन्हात वाळणारे रेझिन उपयोगी पडते, परंतु बोर्डाचा गाभा थर्माकोलसारख्या पॉलिस्टायरिन फोमचा असेल, तर एपॉक्सी रेझिनच वापरावे. पॉलिएस्टर रेझिन तो फोम अक्षरशः विरघळवून टाकते. बोर्ड उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये.

मिडिगामाला मी दोनदा केवळ पाहायला गेले आणि ते पाहणे फार शिकवून गेले. मावसभाऊ पाण्यात उतरण्यापूर्वी वीस मिनिटे किनाऱ्यावर बसून घड्याळात लाटा मोजत असे. मोठ्या लाटा चार-पाचच्या झुंडीने येत होत्या आणि मग कितीतरी मिनिटे समुद्र शांत राही. ती शांतता पाहून घाईने उतरलेला एक जण पुढच्या झुंडीत सापडलेला आम्ही पाहिला. तिथे भरती-ओहोटीतला फरक एक मीटरहून कमी असतो, परंतु उथळ प्रवाळावर तेवढ्यानेही फरक पडतो, त्यामुळे पूर्ण ओहोटीला तो उतरत नसे. तरीही एकदा पाय टेकवल्यामुळे त्याच्या टाचेला प्रवाळ लागला. जखम लहान असली तरी प्रवाळाचे कण आत राहिले तर उबदार, दमट हवेत ती लवकर चिघळते. आम्ही ती स्वच्छ गोड्या पाण्याने आणि साबणाने चोळून धुतली, जंतुनाशक लावले आणि त्याने पुढचे दोन दिवस पाय कोरडा ठेवला. खडकाळ तळावर पडताना पाय खाली न नेता शक्य तितके सपाट पडावे आणि वर येताना हातांनी डोके झाकावे. धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षे झाली आहेत, हे निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

गर्दीच्या ठिकाणी पाण्यातले नियम पाळले नाहीत, तर अपघात ठरलेलाच. लाट जिथे प्रथम फुटते त्या बिंदूच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. त्याच्या वाटेत दुसऱ्याने उतरायचे नाही. बाहेर जाताना फुटणाऱ्या लाटांच्या मधून न जाता वळसा घ्यायचा, आणि कोणी लाटेवरून येत असेल तर त्याच्या पुढून पळण्याऐवजी फेसाच्या बाजूला राहायचे. लाट आली म्हणून बोर्ड सोडून देऊन पाण्यात बुडी मारणे ही शिकाऊ लोकांची सवय असते. माझीही होती, ती मी प्रयत्नपूर्वक मोडली.

पाण्याच्या ओढीबद्दल थोडे. दोन बाजूंना लाटा फुटत असताना मधली एखादी पट्टी शांत आणि गडद दिसते. पोहायला ती सुरक्षित वाटते, परंतु आत आलेले पाणी नेमके तिथूनच बाहेर जात असते. त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. बोर्ड सोडू नये, त्यावर पालथे पडून किनाऱ्याला समांतर हात मारावेत आणि लाटा फुटत असलेल्या भागातून परत यावे. तसेच मोठा पाऊस झाल्यावर नदीच्या मुखाजवळ एक-दोन दिवस उतरू नये, कारण गावातली सगळी घाण त्या पाण्याबरोबर येते.

कोलंबोहून वेलिगामाला किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी रेल्वे आहे, पण बोर्ड लांब असेल तर गाडी करणे सोयीचे. प्रवेशाची परवानगी ऑनलाइन काढावी लागते. तिचे नियम बदलत असल्यामुळे तिकिटाच्या आधी अधिकृत संकेतस्थळ पाहावे. प्रवास विम्यात सर्फिंग धरले आहे का, हेही कागद वाचून खात्री करावी.

ज्यांना मे ते सप्टेंबर याच काळात रजा मिळते त्यांनी वेलिगामाचा हट्ट न धरता अरुगम बेकडे पाहावे. तिथला मुख्य पॉइंट सरावलेल्यांसाठी आहे, परंतु जवळच बेबी पॉइंटसारख्या नवख्यांना झेपणाऱ्या जागा आहेत. आम्ही जुलैसाठी तिथलाच विचार करत आहोत आणि या वेळी दहा दिवसांच्या आराखड्यात चौथा आणि आठवा दिवस आधीच कोरडा ठेवला आहे.