हॅचरीतून वर्गात

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्यात माझे अनेक हिवाळे गेले. पहाटे मादीच्या पावलांचा माग काढत घरटे शोधायचे, दीड फूट खोल खड्ड्यातली शंभरएक अंडी न उलटवता, हलक्या हाताने काढायची आणि कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी पडू नयेत म्हणून हॅचरीच्या कुंपणात तितक्याच खोलीवर पुन्हा पुरायची, हे अंगवळणी पडले होते.

आता मी आठवीला विज्ञान शिकवतो. पगार वेळेवर होतो, हेही कारण होतेच. ते लपवण्यात अर्थ नाही.

पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिले, परंतु प्रत्यक्षात ते बहुतेक ठिकाणी रंगीत कागदावर चिकटवलेल्या चित्रांच्या प्रकल्पवहीतच अडकून राहिले आहे. पहिल्या वर्षी मीसुद्धा तासभर नुसते बोलत राहिलो आणि मागच्या बाकांवर जांभया सुरू झाल्या. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूचे तापमान ठरवते, साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या अधिक निपजतात, हे सांगितल्यावर मात्र एका मुलीने विचारले, "सर, मग छपराच्या सावलीत नर जास्त का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पिंपात वाळू भरली, अर्धे पिंप गोणपाटाने झाकले आणि दोन्हीकडे दीड फुटावर थर्मामीटर पुरले. त्यांतला एक काढताना फुटला. उरलेल्या एकाने आम्ही आलटून पालटून नोंदी घेत आहोत.