यकृत्, यक्नः

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा फोन आला आणि डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या त्या फक्त संस्कृतच्या बाई.

नववीत मला कावीळ झाली होती. दीड महिन्याने शाळेत आले ती डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. तिच्यावर 'हिपॅटायटिस' लिहिलेलं. बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, "पाणी उकळूनच पितेस ना गं?" असं विचारलं, पदर खोचला आणि धडा बाजूला ठेवून फळ्याकडे वळल्या. यकृत्. त्याखाली ग्रीक हेपार, त्याखाली लॅटिन येकुर. "तिघं सख्खी भावंडं आहेत," म्हणाल्या. आपला 'य' ग्रीकमध्ये 'ह' होतो, जसं 'यः'चं 'होस'. मग षष्ठी लिहिली: यक्नः, हेपातोस, येकिनोरिस. यकृत् मधला ऋ जाऊन 'न' येतो, तोच 'न' लॅटिनमध्येही डोकावतो. ग्रीकमध्ये तो झिजून त्याचा 'अ' झाला. त्या 'हेपात'लाच दाह सांगणारा ग्रीक प्रत्यय लागला की माझा आजार!

आजाऱ्याच्या एकेका अवयवातून रोग उपटून काढणारं सूक्त ऋग्वेदात आहे, दहाव्या मंडलातलं १६३वं. त्यात हेच 'यक्नः' येतं. ती ऋचा बाईंनी माझ्याकडे बघत म्हटली. अशक्तपणाने माझा हात थरथरत होता, म्हणून फळ्यावरचं सगळं शेजारणीने माझ्या वहीत उतरवून दिलं. ती वही अजून आहे.

आज मी नर्सिंगच्या मुलींना शरीररचना शिकवते. मूत्रपिंडाला दोन नावं, ग्रीक नेफ्रॉस आणि लॅटिन रेन; म्हणून डॉक्टर नेफ्रॉलॉजिस्ट आणि धमनी रीनल. यकृताच्या बाबतीत मात्र वैद्यकाने येकुर सोडून हेपारच धरलं. हिपॅटिक, हिपॅटोसाइट, मुली घोकत असतात. मी आधी फळ्यावर 'यकृत्' लिहिते. घोकंपट्टी तिथेच थांबते.

मागे शाळेत येऊन गेले. आमच्या वर्गातला फळा काढून तिथे पडदा लावलाय. मला ते बघवलं नाही.

रक्त गोठू न देणारं हिपॅरिन १९१६ साली बाल्टिमोरमध्ये मॅक्लीन नावाच्या विद्यार्थ्याच्या हाती लागलं, कुत्र्याच्या यकृतावर काम करताना. दोन वर्षांनी त्याचे प्राध्यापक हॉवेल यांनी हेपारवरूनच त्याला नाव दिलं. हे वाचलं तेव्हा आधी बाईंना सांगावंसं वाटलं. पत्ता शोधण्यातच दिवस गेले. त्या गेल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं.