दोन स्प्रिंगा आणि एक वाटी

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या विभागातल्या एका मुलाच्या अप्रेझल फॉर्मवर मी लिहिलं होतं : ‘हुशार, पण निष्काळजी. सांगितलेलं विसरतो. गांभीर्य नाही.’ खाली सही केली आणि फॉर्म एचआरकडे पाठवून दिला. त्या ओळीबद्दल आज लिहायचं आहे.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी बघते. बावीस वर्षं झाली. गाड्यांचे सुटे भाग बनवतो आम्ही, बहुतेक मशिनिंगचे जॉब. खराब पार्ट कस्टमरच्या लाइनवर गेला की तिकडून एट-डी रिपोर्टची मागणी येते : दोष काय, मुळाशी काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. मूळ कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ असं लिहून पाठवलं तर रिपोर्ट तसाच परत येतो. नवीन इंजिनिअरला मी पहिल्याच आठवड्यात हे सांगते. माणूस आहे, चुकणारच. ती चूक होऊ कशी शकली आणि पुढे जाऊ कशी शकली, ते शोध.

हे सांगणारी मी, आणि त्या फॉर्मवर ‘गांभीर्य नाही’ लिहिणारीही मीच.

त्याचं नाव लिहीत नाही. हे सगळं त्याला आधी वाचून दाखवलंय, तो हो म्हणाला म्हणून इथे आलंय. एकोणतीस वर्षांचा आहे. कंट्रोल प्लॅन, ड्रॉइंगमधले बदल, गेजच्या, म्हणजे मोजायच्या साधनांच्या, कॅलिब्रेशनच्या (अचूकता तपासायच्या) तारखा असं कागदाचं काम त्याच्याकडे. तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा एका बोअरच्या, म्हणजे पार्टमधल्या भोकाच्या, साइजने आम्हाला सतावलं होतं. मधूनच दहा-पंधरा नग मापाबाहेर जायचे, कारण सापडत नव्हतं. हा एका दुपारी तीन महिन्यांचं सगळं रेकॉर्ड घेऊन बसला. जेवायला उठला नाही. चार वाजता येऊन म्हणाला, “मॅडम, हे फक्त शुक्रवारी सकाळी होतंय.” आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते. दिवसभर बंद राहून गार झालेली मशीन, आणि तापायच्या आधी निघालेले पहिले नग. आम्ही चौघं-पाचजण त्याच आकड्यांवर महिनाभर बसलो होतो, वार कोणी पाहिला नव्हता.

आणि हाच मुलगा एका साध्या मेलला उत्तर द्यायचं विसरायचा. अर्धा लिहिलेला मेल ड्राफ्टमध्ये चार दिवस पडून असायचा. माझ्या केबिनपासून त्याचं टेबल चाळीस पावलांवर असेल. त्या चाळीस पावलांत कोणी हाक मारली की मी सांगितलेलं काम गेलंच. शुक्रवारचं कोडं सोडवणारा माणूस कॅलिब्रेशनची तारीख चुकवतो, याचा मला एकच अर्थ लागायचा : आवडतं ते करतो, नावडतं टाळतो.

जूनमध्ये एका पार्टचं ड्रॉइंग बदललं. चॅम्फरमध्ये, म्हणजे कडेच्या तिरप्या छाटणीत, छोटा फरक होता. शॉप फ्लोअरवरून जाता जाता मी त्याला म्हटलं, “ते नवीन रिव्हिजन आलंय, बघून घे जरा.” पुढचे चारशे नग जुन्या ड्रॉइंगवर निघाले. मी त्याला सगळ्यांसमोर बोलले. फार बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक लिफाफा घेऊन आला. आत मानसोपचारतज्ज्ञांचा कागद होता, फेब्रुवारीचा. एडीएचडी, म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. “मॅडम, चुकीवर पांघरूण घालायला दाखवत नाहीये. तुम्हाला माहीत असावं, इतकंच.” फेब्रुवारीत कळलं तर आत्ता का सांगतोस, असं मी विचारलं. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये सांगायचं त्याने ठरवलं होतं. पण मीटिंगच्या आधी फॉर्म वाचायला मिळाला. मग तो कागद चार महिने बॅगेतच राहिला.

त्या दिवशी मला काही सुचलं नाही. “बरं” म्हणाले. नंतर कळलं की हे निदान रक्त तपासून होत नाही. दोन-तीन वेळा बसून सगळी हकिकत विचारतात, आईवडिलांशी बोलतात, शाळेतलं काही जपून ठेवलंय का पाहतात. कारण बारा वर्षांच्या आत खुणा दिसलेल्या असाव्या लागतात. मोठेपणी कामाच्या ताणाने लक्ष उडणं निराळं. त्याच्या आईने चौथीपासूनची प्रगतिपुस्तकं नेली होती. जवळजवळ प्रत्येकावर बाईंचा शेरा तोच : हुशार आहे, धांदरट आहे. मी वीस वर्षांनी त्याच वहीत आणखी एक ओळ लिहिली होती.

नावात ‘अटेन्शन डेफिसिट’ असल्यामुळे लक्ष कमी असतं असं वाटतं. त्याच्याकडे बघून मला तसं वाटत नाही. लक्ष भरपूर आहे, ते कुठे लावायचं आणि कुठून काढायचं याचा दांडा हातात राहत नाही. हातातलं काम संपेपर्यंत दुसरी सूचना डोक्यात धरून ठेवणं, वेळ किती गेला याचा अंदाज येणं, कंटाळवाण्या कामाला सुरुवात करणं, नेमकं हेच अवघड जातं. मोबाइलमुळे किंवा लाडाने हे होत नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो. हे कळल्यावर त्याच्या वडिलांनी त्याला विचारलं म्हणे, “म्हणजे मलाही आहे का रे?” ते साठीचे आहेत.

आता वाटीकडे येते.

आमच्याकडे पोका-योकेचं, म्हणजे चूक होऊच नये अशी सोय करायच्या जपानी पद्धतीचं, ट्रेनिंग मी घेते, आणि दर वेळी शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरची एक गोष्ट सांगते. १९६१ साल, यामादा इलेक्ट्रिकचा कारखाना. एका बटणाच्या स्विचमध्ये दोन छोट्या स्प्रिंगा बसवायच्या असत. कामगार मोठ्या खोक्यातून स्प्रिंग उचलायचे, बसवायचे, आणि कधीतरी एक राहून जायची. साहेब रागवायचे, चार दिवस सगळं नीट व्हायचं, मग पुन्हा तेच. शिंगोंनी एक बशीवजा वाटी ठेवायला सांगितली. आधी खोक्यातून दोन स्प्रिंगा काढून वाटीत ठेवा, मग बसवा. वाटीत एक उरली तर समजा, राहिली. कामगाराची स्मरणशक्ती होती तेवढीच राहिली. जे डोक्यात धरावं लागत होतं ते टेबलावर आलं.

पुढची गोष्टही मी सांगते. अशा युक्त्यांना आधी ‘बाका-योके’ म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. मूर्खाच्या हातूनही चुकणार नाही असं काहीतरी. १९६३ मध्ये एका कारखान्यात हे लावलं तेव्हा तिथली एक कामगार बाई रडायला लागली. मी काय मूर्ख आहे? तेव्हा शिंगोंनी नाव बदललं. पोका म्हणजे अनवधानाने झालेली चूक.

चारशे नगांच्या त्या प्रकारानंतर आठवड्याने आमचे इन्स्पेक्शनमधले जुने काका मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही त्याला चालता चालता सांगितलंत ना, तेव्हा मी तिथेच होतो. कॉम्प्रेसर चालू होता. मलाही अर्धंच ऐकू आलं.” त्यांना निदानाचं काहीच माहीत नव्हतं. पण त्या संध्याकाळी घरी जाताना नाशिक फाट्याच्या सिग्नलला मला ती वाटी आठवली. बावीस वर्षं मशीनवरच्या माणसासाठी वाट्या ठेवत आले आणि टेबलावरच्या माणसाला नुसती रागवत राहिले.

रात्री बसून मी सात मुद्द्यांची यादी केली. सकाळी त्याला दाखवली, त्याने पाच खोडले. माझा सगळ्यात लाडका मुद्दा होता, त्याला वेगळी शांत खोली द्यायची. तो म्हणाला, “एकटा बसलो तर माझ्याकडून काहीच होणार नाही, मॅडम. शेजारी कोणीतरी आपलं काम करत बसलेलं लागतं. बोलायचं नाही, फक्त असायचं.” त्यावरून मला कळलं की आधी विचारायला हवं होतं. मग त्यालाच विचारलं, तुझ्या वाट्या कोणत्या?

पहिली : तोंडी सांगितलेलं काम त्याने निघायच्या आधी तिथेच उभं राहून लिहायचं आणि मला वाचून दाखवायचं. अर्धं मिनिट लागतं. वाचून दाखवताना मलाच कळतं की मी काय सांगितलं नाही.

दुसरी बदलायला मला सगळ्यात जड गेली, कारण ती माझ्या जिभेची सवय होती. “जरा बघ ना.” “वेळ मिळाला की कर.” “आजच्या आज नको, पण लवकर दे.” आपल्याकडे काम सांगताना असं मऊ बोलायची रीत आहे, समोरच्याला हुकूम केल्यासारखं वाटू नये म्हणून. पण ‘लवकर’ म्हणजे किती वाजता, हे ऐकणाऱ्याने ओळखायचं असतं. ज्याला वेळेचा अंदाजच येत नाही त्याने काय ओळखावं? आता मी म्हणते, “मंगळवारी दुपारी तीनला जेवढं झालंय तेवढं दाखव, पूर्ण शुक्रवारी बाराला.” मधलं ते मंगळवारचं दाखवणं फार कामाचं ठरलं. नाहीतर काम गुरुवारच्या सुट्टीत सुरू व्हायचं आणि तो रात्रभर जागायचा.

आणि इअरमफ. शॉप फ्लोअरवर आवाजासाठी असतात ते. सकाळी नऊ ते साडेदहा तो ते लावून टेबलावर बसतो. त्या वेळात त्याला कोणी हाक मारत नाही.

सीएमएम, म्हणजे पार्टची बारीक मापं घेणारं मशीन, त्याच्या रूममध्ये मोजमाप करणारी एक मुलगी आहे, तिला ऑटिझम (स्वमग्नता) आहे. तिने इंटरव्ह्यूतच सांगितलं होतं. ती खोली वीस डिग्रीला ठेवलेली, शांत, तिला मानवते. तिला एकदा मी म्हटलं, “हा पार्ट बघून घे.” तिने पाहिला आणि ठेवला. संध्याकाळी मी रिपोर्ट मागितला तेव्हा ती गोंधळली, आणि खरंच, रिपोर्ट कर असं मी म्हटलंच नव्हतं. तेव्हा मी तो प्रसंग तिच्या खाती टाकला होता. आता माझ्या खाती घेतलाय.

विभागात कुजबुज झाली. त्याला सूट का? आपलं निदान सांगायची त्याने परवानगी दिली नव्हती, आणि तो त्याचा हक्क आहे. म्हणून मी लिहून घ्यायची आणि तारीख-वेळ सांगायची पद्धत सगळ्यांनाच लावली. पंधरा दिवसांत कुजबुज थांबली, कारण सेकंड शिफ्टला निरोप नीट पोचायला लागले. एका सुपरवायझरला तो स्वतःच बोलला, तर त्याचं उत्तर, “अरे, विसरतो तर मीही. सगळ्यांनाच थोडं असतं.” ते त्याला लागलं, आणि ऐकून मलाही. साखर सगळ्यांच्याच रक्तात असते. किती आहे आणि त्याने शरीराचं काय होतंय, यावरून डॉक्टर मधुमेह ठरवतात. त्या सुपरवायझरला स्वतःला डायबेटिस आहे. मी त्याला एवढंच म्हटलं, आणि तो समजला.

एचआरने विचारलं, सर्टिफिकेट आहे का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचं वेगळं नाव नाही. समान संधीचं धोरण जाहीर करणं मात्र खाजगी कंपनीलाही त्याच कायद्याने बंधनकारक आहे, ते आमच्या नोटीस बोर्डावर नव्हतं, आता लागलंय. पण काम लिहून द्यायला कसलं सर्टिफिकेट लागतं? ते मी विचारलं, आणि विषय तिथेच संपला. त्याचं औषध हरेक मेडिकलमध्ये मिळत नाही, चिठ्ठीशिवाय तर नाहीच. महिन्यातून एकदा त्यासाठी गावात जायला तो अर्धा दिवस घेतो, तेवढी सोय केली.

सगळं जमलं असं नाही. त्याच्या टेबलासमोर मोठा पांढरा बोर्ड लावला, त्यावर आठवड्याची कामं. तीन आठवडे उत्तम. चौथ्या आठवड्यात तो बोर्ड त्याला दिसेनासा झाला, भिंतीसारखा. मी वैतागले होते. पण त्याने मला आधीच सांगून ठेवलं होतं : “कुठलीही पद्धत माझ्याकडे दीड-दोन महिने टिकते. मग बदलावी लागते. तेव्हा मी आळशी झालोय असं समजू नका.” बोर्ड काढला. आता रंगीत कार्डं आहेत, शॉप फ्लोअरवर काम कुठवर आलं ते दाखवणाऱ्या कानबान कार्डांसारखी, काम झालं की ती हाताने दुसऱ्या कप्प्यात टाकायची. तीही कधीतरी बंद पडतील. दोन मेल या महिन्यातही राहिले. कॅलिब्रेशनची तारीख नऊ महिन्यांत एकही चुकलेली नाही.

या मार्चला पुन्हा फॉर्म आले. त्याचा यंदाचा भरला, आणि मग गेल्या वर्षीचा मागवून घेतला. एचआरमधली मुलगी म्हणाली, “मॅडम, बंद झालेला फॉर्म बदलता येत नाही.” मला बदलायचा नव्हता. मी एट-डीचा कोरा कागद घेतला आणि भरला. दोष : चारशे नग जुन्या रिव्हिजनवर. मूळ कारण : सूचना तोंडी, आवाजात, तारीख-वेळ नाही, लेखी नोंद नाही. जबाबदारी : विभागप्रमुख. सुधारणा : सूचना लिहून, वाचून घेणे, सर्वांसाठी. निदानाचा उल्लेख कुठेही नाही. शेवटच्या ओळीत लिहिलं की मागील वर्षीचा शेरा मूळ कारण म्हणून ग्राह्य धरू नये.

तो कागद त्याच्या फाइलला, त्या फॉर्मच्या वर लावलाय.