ग्राफाइट प्लेटेपासून सिलिंडरच्या हिशोबापर्यंत : आमची वाटचाल

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये मूळ काम स्पार्क इरोजनच्या, म्हणजे ठिणगीने धातू कोरायच्या, इलेक्ट्रोडचं. डायवाल्यांसाठी ग्राफाइट कापायचं जॉबवर्क. फ्यूएल सेल म्हणजे हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज बनवणारा सेल; त्यातल्या द्विध्रुवी प्लेटांची, म्हणजे दोन सेलांच्या मध्ये बसून दोन्हींकडे गॅस पोचवणाऱ्या प्लेटांची, चौकशी आली तेव्हा व्हीएमसी (संगणकावर चालणारं कापायचं मशीन) तीच होती आणि धूळ ओढणारी यंत्रणाही बसवलेली होती. काम मात्र वेगळं निघालं, आणि सगळ्यात आधी बदलावा लागला तो कच्चा माल. इलेक्ट्रोडचं ग्राफाइट सच्छिद्र असतं. ठिणगीच्या कामात त्याने बिघडत नाही, पण हायड्रोजन त्यातून आरपार झिरपतो. प्लेटेला रेझिन भरलेलंच ग्राफाइट लागतं. नाहीतर गॅस्केट कितीही चांगलं घाला, गळती थांबत नाही आणि माणूस गॅस्केटलाच दोष देत बसतो.

आमची नेहमीची प्लेट 3 मिलिमीटर जाडीची. तिच्यावर 1 मिलिमीटर रुंद आणि 0.8 मिलिमीटर खोल नागमोडी चर, दोन चरांमध्ये 1 मिलिमीटरचा बांध. टूल हिऱ्याचा लेप असलेलंच हवं. साधं कार्बाइड काही प्लेटांतच झिजतं आणि शेवटच्या प्लेटेचे चर उथळ येतात. एका सेलचा चर उथळ आला की त्याला गॅस कमी मिळतो आणि तोच सेल पुढे सगळ्या स्टॅकला, म्हणजे सेलांच्या चळतीला, खाली ओढतो. जाडीचंही तसंच. प्रत्येक प्लेटेत 20 मायक्रॉनचा तिरपेपणा एकाच बाजूला पडला तर 40 प्लेटांत तो 0.8 मिलिमीटर होतो. म्हणून रचताना प्लेटा आलटून पालटून फिरवतो. ग्राफाइटची धूळ वीजवाहक असते, मशीनच्या पॅनेलमध्ये शिरली तर ड्राइव्ह जाळते. हा खर्च कोटेशनमध्ये कुणी धरत नाही, आम्ही धरतो.

प्लेटांवरून आम्ही स्टॅकवर गेलो. पुण्यात तेव्हा या विषयाला चांगली हवा होती. ऑक्टोबर 2020 मध्ये केपीआयटी कंपनीने आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ज्यांची आहे त्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने फ्यूएल सेलवरची गाडी चालवून दाखवली, ऑगस्ट 2022 मध्ये पुण्यातच हायड्रोजन बस आली. आम्ही आमच्या आवाक्यातला, एक किलोवॅटचा स्टॅक घेतला.

त्याचं गणित असं. पीईएम सेलचा, म्हणजे मध्ये प्रोटॉन जाऊ देणारं पातळ पटल (मेंब्रेन) असलेल्या सेलचा, आदर्श विद्युतदाब 1.23 व्होल्ट असला तरी लोडवर 0.65 व्होल्ट धरायचे. 40 सेल एकापुढे एक लावले की 26 व्होल्ट. एक किलोवॅटसाठी साधारण 38.5 अँपिअर. दर चौरस सेंटीमीटरला 0.4 अँपिअर धरले तर सेलचं काम करणारं क्षेत्र शंभर चौरस सेंटीमीटरच्या आसपास येतं. दोन्ही बाजूंचं मिळून चौरस सेंटीमीटरला अर्धा मिलिग्रॅम प्लॅटिनम (सेलमधला उत्प्रेरक) धरलं, तर 40 सेलांत दोन ग्रॅम. प्रत्येक सेल दर अँपिअरला मिनिटाला सुमारे 7 मिलिलिटर हायड्रोजन घेतो. म्हणजे हा स्टॅक मिनिटाला 10.7 लिटर, तासाला 58 ग्रॅम खातो. पाणी सुटतं तासाला अर्धा लिटर. आणि विजेइतकीच जवळपास उष्णता, 0.9 किलोवॅट, ती बाहेर टाकायची असते. ‘फ्यूएल सेल गरम होत नाही’ असं समजणाऱ्यांना हा आकडा पहिल्यांदा दाखवतो.

स्टॅक बांधताना निम्म्या तक्रारी दाबाच्या असतात. प्लेट आणि मेंब्रेनच्या मधला, गॅस पसरवणारा कार्बन पेपरचा थर 20 ते 25 टक्के दबला पाहिजे. 190 मायक्रॉनचा पेपर 150 मायक्रॉनपर्यंत. कमी दबला तर संपर्काचा रोध वाढतो, जास्त दबला तर पेपर चरात घुसतो, तंतू मोडतात आणि 25 मायक्रॉनच्या मेंब्रेनला भोक पाडतात. किती दबायचं हे टॉर्क पान्याने नाही, गॅस्केटच्या जाडीने ठरतं. पाना फक्त तिथपर्यंत पोचवतो. बोल्ट समोरासमोर, तीन-चार फेऱ्यांत आवळायचे. मेंब्रेन बसवण्याआधी दाब दाखवणारी फिल्म मध्ये ठेवून एकदा आवळून बघतो. कडेला गडद आणि मधे फिकट छाप आली तर शेवटची प्लेट वाकते आहे असं समजायचं, ती जाड करावी लागते. मग नायट्रोजन अर्धा बार भरून गळती बघायची. बाहेर गळत नसेल तरी हायड्रोजनच्या बाजूने हवेच्या बाजूला किती जातो ते वेगळं मोजावं लागतं. हे दुसरं मोजमाप टाळलं की पंधरा दिवसांनी स्टॅक परत येतो.

सामानाच्या निवडीतल्या चुका उशिरा कळतात. सिलिकॉनचं गॅस्केट स्वस्त आणि मऊ, पण मेंब्रेनच्या आम्लाशी सतत लागून राहिलं की झिजतं. आम्ही ईपीडीएम रबरावर आलो. ओल्या बाजूला पितळ, तांबं किंवा साधं लोखंड नको. त्यांचे आयन मेंब्रेनमध्ये बसतात, आणि लोखंडाचे आयन तर हायड्रोजन पेरॉक्साइडशी मिळून मेंब्रेन अक्षरशः खातात. सिलिंडरच्या कोरड्या गॅसच्या बाजूला रेग्युलेटर पितळी असला तरी चालतो. लिक्विड कूलिंगमध्ये गाडीचं कूलंट ओतलं की संपलं. त्यातली गंजरोधक रसायनं वीज वाहतात आणि सेलांमध्ये चोरवाटेने करंट फिरतो. वाहकता 5 मायक्रोसीमेन्सच्या खाली ठेवणारं पाणी, स्टेनलेसची पाइप आणि मध्ये आयन पकडणारी बाटली, एवढं लागतंच.

चालू स्टॅकमध्ये दोन दुखणी एकमेकांच्या उलट आहेत. एक म्हणजे पाणी साचणं, दुसरं मेंब्रेन कोरडं पडणं, आणि दोन्हींत व्होल्टेज पडतं. ओळखायचं कसं? व्होल्टेज झटक्याझटक्याने, एकदोन सेलांतच खालीवर होत असेल आणि पर्ज केल्यावर, म्हणजे झडप क्षणभर उघडून गॅसच्या झोताने पाणी बाहेर काढल्यावर, लगेच सुधारत असेल तर पाणी. सगळे सेल हळूहळू, एकसारखे उतरत असतील तर कोरडेपणा, तिथे हवा कमी करून तापमान उतरवायचं. हायड्रोजनच्या बाजूचं तोंड बंद ठेवून चालवलं, तर हवेतला नायट्रोजन मेंब्रेनमधून पलीकडे येऊन साचतो, म्हणून ठरावीक वेळाने क्षणभर झडप उघडावीच लागते. खूप वेळा उघडली तर गॅस वाया, कमी उघडली तर शेवटचे सेल उपाशी. उपाशी सेलवर लोड चालू राहिला की त्याचं व्होल्टेज उलटं होतं आणि कार्बनच जळायला लागतो. हे नुकसान भरून येत नाही. म्हणून प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजणारं कार्ड ‘महाग आहे, काढून टाका’ म्हणणाऱ्याला आम्ही स्टॅक विकत नाही.

विदर्भ आणि कोकण, दोन्हीकडे हवा आडवी येते. पंख्याने थंड होणारा उघडा स्टॅक 55-60 अंशांवर चालतो. मे महिन्यात नागपुरात बाहेरचीच हवा 45 अंश असली की उष्णता टाकायला फरकच उरत नाही. पंखा जोरात फिरतो आणि मेंब्रेन सुकतं. तिथे एक किलोवॅटचा स्टॅक सातशे वॅटचा समजूनच द्यायचा, किंवा सरळ लिक्विड कूलिंग. किनाऱ्यावर मिठाचा दमट वारा, कारखान्यांच्या पट्ट्यात सल्फर डायऑक्साइड. सल्फर प्लॅटिनमवर चिकटून बसतो. म्हणून धुळीच्या फिल्टरमागे सक्रिय कार्बनचा थर असतो आणि तो दिसायला स्वच्छ असला तरी बदलायचा असतो. गॅसच्या बाजूला अट आणखी कडक. आयएसओ 14687 या हायड्रोजनच्या शुद्धतेच्या मानकातल्या वाहनांच्या दर्जाला शुद्धता 99.97 टक्के, त्यात कार्बन मोनॉक्साइड 0.2 पीपीएमच्या (दहा लाखांतले भाग) आत आणि सल्फर 4 पीपीबीच्या (अब्जातले भाग) आत. वेल्डिंगच्या दुकानातला सिलिंडर ‘हायड्रोजनच आहे’ म्हणून जोडायचा नसतो.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. हवेत 4 ते 75 टक्के एवढ्या मोठ्या पट्ट्यात हायड्रोजन पेटतो आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. सिलिंडर बाहेर, जाळीच्या पिंजऱ्यात. सेन्सर छताला, 1 टक्क्यावर गॅस तोडणारा. सिलिंडरांचे नियम 2016 चे आहेत आणि ते राबवणाऱ्या पेसो या केंद्र सरकारी संस्थेचं मुख्य कार्यालय नागपुरात आहे. किती सिलिंडर ठेवले की परवाना लागतो हे जागा घेण्याआधी तपासा.

आता पैशांचं. ‘युनिट केवढ्याला पडतं?’ हा प्रश्न प्रत्येक ग्राहक विचारतो. किलोभर हायड्रोजनमध्ये 33.3 युनिट ऊर्जा असते. पंखे, पंप, कन्व्हर्टर वजा जाता हातात 15 युनिट येतात. डिझेल 90 रुपये धरलं आणि चांगल्या लोडवरचा डीजी सेट (डिझेल जनरेटर) लिटरला साडेतीन युनिट देतो असं मानलं तर युनिटला 26 रुपये. त्याच्याशी बरोबरी करायला हायड्रोजन दारात 390 रुपये किलोने मिळायला हवा. सिलिंडरचा गॅस या भावाच्या फार वर असतो. कारण सोपं आहे. 47 लिटरच्या, 150 बारच्या सिलिंडरमध्ये गॅस जेमतेम अर्धा किलो आणि लोखंड पन्नास-साठ किलो. ट्रक लोखंडच वाहतो. त्या एका सिलिंडरवर आमचा एक किलोवॅट सुमारे आठ तास चालतो, हिशोब संपला.

विजेने पाणी फोडून स्वतः गॅस बनवायचा तर किलोला 55 युनिट वीज लागते. औद्योगिक दर 8 रुपये धरला तर नुसत्या विजेचे 440, म्हणजे परत मिळणारं युनिट 29 रुपयांना, यंत्र आणि कॉम्प्रेसर वेगळे. उन्हाची वीज 3 रुपयांनी मिळाली तर 11 रुपये, पण घातलेल्या 100 युनिटांतली 27च परत येतात. लिथियम बॅटरी 85-90 परत देते. म्हणून दिवसाची वीज रात्री वापरायला फ्यूएल सेल मागणाऱ्याला आम्ही बॅटरीवाल्याकडे पाठवतो. चारपाच दिवस बॅकअप हवा असेल तेव्हा गणित बदलतं, कारण तिथे फक्त सिलिंडर वाढतात.

स्टॅकच्या आयुष्याचा खर्च लोक विसरतात. व्होल्टेज 10 टक्के उतरलं, म्हणजे 0.65 चं 0.585 झालं, की आयुष्य संपलं असं धरायची रीत आहे. समजा दीड लाखाचा एक किलोवॅटचा स्टॅक 5,000 तास चालला, तर युनिटमागे 30 रुपये नुसते स्टॅकचे. 20,000 तास चालला तर साडेसात. आयुष्य खाणारं चालणं नव्हे, वारंवार चालू-बंद होणं. बंद केल्यावर हायड्रोजनच्या बाजूला हवा शिरते आणि पुन्हा चालू करताना हवेच्या बाजूचा कार्बन जळतो. म्हणून दिवसातून दहादा सुरू होणारा लोड असेल तर मध्ये बॅटरी घालतो, स्टॅक एकसारखा चालतो.

मग परवडतं कुठे? जिथे हायड्रोजन आधीच आहे तिथे. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात टनामागे 25 किलो हायड्रोजन सुटतो, म्हणजे सुमारे 375 युनिट. फक्त त्यातला कॉस्टिक आणि क्लोरीनचा अंश आधी धुवावा लागतो, आणि बॉयलरमध्ये तोच गॅस जाळून जे इंधन वाचतं त्याच्याशी स्पर्धा असते. किंवा जिथे आवाज आणि धूर चालतच नाही तिथे. डीआरडीओची अंबरनाथची नौदल प्रयोगशाळा पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लाचे सेल बनवते, त्याच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी मार्च 2021 मध्ये झाली. तिथे युनिटचा भाव कुणी विचारत नाही.

आज आमच्याकडे प्लेटा, 100 वॅट ते 2 किलोवॅटचे स्टॅक आणि दुसऱ्यांच्या स्टॅकची तपासणी, ही तीन कामं आहेत. तिसऱ्यातून येणारे पैसे सगळ्यात नियमित. चौकशी पाठवताना चोवीस तासांचा लोडचा तक्ता, जागेचं मे महिन्यातलं कमाल तापमान, गॅस कुठून आणि कोणत्या शुद्धतेचा येणार, आणि वर्षात किती तास चालवायचं, एवढं लिहा. नुसतं ‘5 किलोवॅटचं कोटेशन द्या’ आलं तर आम्ही हेच चार प्रश्न उलट पाठवतो.