गाठ ‘दाद देते’ म्हणजे नेमकं काय? पेटंटच्या हरकतीला उत्तर देताना

निफाडकडचे एक काका आमच्याकडे लाईट घ्यायला यायचे. रेडिएशनला आमच्याकडचे पेशंट लाईटच म्हणतात. जिभेच्या बुंध्याचा कर्करोग, मानेत डावीकडे लिंबाएवढी गाठ, एकूण ३५ फ्रॅक्शन म्हणजे रेडिएशनचे ३५ हप्ते, रोज २ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक). उपचार चालू असताना डोकं-मान हलू नये म्हणून प्लास्टिकच्या जाळीचा मास्क वापरतात. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर ताणून बसवायची, थंड झाली की त्या माणसाचा साचा तयार. पहिल्या दिवशी काकांच्या कपाळावर जाळीची नक्षी उमटली होती. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, “ताई, हे आता सैल लागतंय.” मी हात घालून पाहिलं, तर गालाशेजारून दोन बोटं आत जात होती.

मास्क असा सैल होतो तो मुख्यतः दोन कारणांनी. गाठ विरत असते, नाहीतर तोंड आल्यामुळे जेवण तुटलेलं असतं आणि अंग उतरत असतं. पहिली बातमी चांगली, दुसरी काळजीची. नुसता हात लावून फरक कळत नाही.

मी नाशिकच्या एका रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे, म्हणजे रेडिएशनच्या डोसचं आणि मोजमापाचं काम पाहते. काकांसारख्या पेशंटच्या सीबीसीटी प्रतिमा, म्हणजे एक प्रकारचा सीटी स्कॅन, आम्ही उपचाराच्या मशीनवरच काढतो, त्या मुळात पोझिशन तपासण्यासाठी असतात. त्यांच्यावरून गाठीची घट आणि अंगाची घट वेगळी मोजायची, आणि गाठ रेडिएशनला दाद देईल की नाही याचा अंदाज दुसऱ्या आठवड्यातच बांधायचा, अशी पद्धत आमच्या ऑन्कॉलॉजिस्ट सरांनी आणि मी बसवली. एका परिषदेत ती मांडायची होती, म्हणून त्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज भरून ठेवला. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन आणि दावे), १८ महिन्यांनी प्रकाशन, तपासणीसाठी फॉर्म १८ आणि त्याचे ४,००० रुपये. इथवर काही अडलं नाही.

मग पेटंट कार्यालयाचा पहिला तपासणी अहवाल आला. त्याला सगळे एफईआर म्हणतात. उत्तराला मुदत सहा महिने.

दावा म्हणजे पेटंटचा हक्क नेमका कशावर हवा ते सांगणारं वाक्य. आमचा पहिला दावा थोडक्यात असा होता: पहिल्या काही फ्रॅक्शननंतर, सुरुवातीच्या प्रतिमेच्या तुलनेत मानेच्या आकारमानात लक्षणीय घट आढळल्यास रेडिएशनला चांगला प्रतिसाद मिळेल असे भाकीत करण्याची पद्धत. हरकत पेटंट कायद्याच्या कलम १०(५) ची होती. दावे स्पष्ट आणि आटोपशीर हवेत आणि स्पेसिफिकेशनमध्ये उघड केलेल्या मजकुरावर रास्तपणे आधारलेले हवेत, असं हे कलम सांगतं. अहवालात ‘काही’, ‘सुरुवातीची’, ‘मानेच्या’, ‘लक्षणीय’ आणि ‘चांगला’ या पाच शब्दांवर बोट ठेवलं होतं. जोडीला कलम ३(आय) (उपचार-निदानाच्या पद्धतींना पेटंट नाही) आणि ३(के) (नुसत्या गणिती पद्धतीला किंवा संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही) होतीच.

मला राग आला. कॉलेज रोडला आमचे पेटंट एजंट बसतात, त्यांना म्हटलं, “सर, या क्षेत्रातल्या कुणालाही हे वाचून कळेल.” ते म्हणाले, “मग आपण विचारून बघू ना, मॅडम.”

त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी तो दावा आणि नावं काढून टाकलेले एका पेशंटचे स्कॅन दोघांना वेगवेगळे दिले. एक आमचा ज्युनियर फिजिसिस्ट, दुसऱ्या रेडिएशन ऑन्कॉलॉजीच्याच एक डॉक्टर. प्रश्न एकच होता, हा पेशंट या दाव्यात बसतो का? ज्युनियरने प्लॅनिंग सीटी (उपचार आखण्यासाठी आधी काढलेला स्कॅन) आणि पंधराव्या फ्रॅक्शनची सीबीसीटी घेतली, जबड्याच्या खालच्या कडेपासून पुढची अख्खी मान मोजली आणि लिहिलं: बसतो. डॉक्टरांनी पहिल्या दिवसाची सीबीसीटी आणि दहाव्या फ्रॅक्शनची घेतली, फक्त गाठ मोजली आणि लिहिलं: बसत नाही. दोघांचंही मोजमाप आपापल्या जागी अचूक होतं. ते स्कॅन निफाडच्या काकांचे होते.

ते दोन कागद शेजारी ठेवून मी बराच वेळ बसले. माझ्याच वाक्याने एकाच माणसाबद्दल दोन उलट उत्तरं दिली होती. शिवाय मास्क सैल का होतो हा प्रश्न सोडवायला मी ही पद्धत काढली, आणि दाव्यात ‘मानेच्या आकारमानात’ लिहून तोच गोंधळ परत आत आणून ठेवला होता. त्या दिवसानंतर हरकत मला अडवणूक वाटली नाही. ती आमच्या कामातल्या एका खऱ्या भोकावर होती.

मग एकेक शब्द घेतला. ‘काही फ्रॅक्शन’च्या जागी दहावं फ्रॅक्शन, म्हणजे २० ग्रे पूर्ण झाल्यानंतरची प्रतिमा. ‘सुरुवातीची प्रतिमा’ म्हणजे पहिल्या फ्रॅक्शनच्या दिवशीची सीबीसीटी. प्लॅनिंग सीटी बऱ्याचदा त्याच्या कितीतरी दिवस आधीची असते, आणि मधल्या दिवसांत गाठ वाढलेली असू शकते. ‘मानेच्या आकारमाना’चे दोन भाग केले: गाठीचं आकारमान वेगळं, आणि मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून पाचव्यापर्यंतचं मानेचं आकारमान वेगळं, दोन्हींतल्या घटीचं गुणोत्तर काढायचं. ‘लक्षणीय’च्या जागी गुणोत्तराचा ठरलेला आकडा.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला ‘चांगला प्रतिसाद’ने. आपण बोलताना सहज म्हणतो, गाठ दाद देतेय. पण कशावरून? ऑन्कॉलॉजिस्ट सरांच्या बोलण्यात दाद म्हणजे उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी काढलेल्या पेट-सीटीत गाठीत सक्रिय आजार न दिसणं. माझ्या तक्त्यात दाद म्हणजे शेवटच्या फ्रॅक्शनला गाठ किती आकसली. तर आमच्याच परिषदेतल्या स्लाइडवर आरईसीआयएसटीची (स्कॅनवर गाठी मोजून प्रतिसाद ठरवायचे प्रचलित निकष) व्याख्या होती: मोजलेल्या गाठींच्या व्यासांच्या बेरजेत किमान ३० टक्के घट म्हणजे अंशतः प्रतिसाद. तीन व्याख्या, एकच शब्द, आणि दोन वर्षं आम्ही एकमेकांशी तो बोलत होतो. शेवटी पेट-सीटीची व्याख्या दाव्यात घेतली, कारण स्पेसिफिकेशनच्या तिसऱ्या उदाहरणात तीच लिहिलेली होती.

हे ‘लिहिलेली होती’ फार महत्त्वाचं. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती करताना मूळ अर्जात नसलेलं काही आत आणता येत नाही, आणि सुधारलेला दावा मूळ दाव्याच्या कक्षेतच राहावा लागतो. दहावं फ्रॅक्शन, मणक्यांच्या पातळ्या, गुणोत्तराचा आकडा हे सगळं उदाहरणांत आणि तक्त्यांत होतं म्हणून आम्ही वाचलो. एजंट सरांनी अर्ज भरताना माझ्या मागे लागून ते लिहून घेतलं होतं. तेव्हा मी “इतकं बारीक कशाला” म्हणत कुरकुरले होते. मात्र तक्त्यातले सगळे पेशंट घशाच्या कर्करोगाचे होते. मूळ दाव्यात आम्ही ‘डोके व मान’ असं व्यापक लिहिलं होतं. तोंडाच्या कर्करोगात बहुतेकदा आधी ऑपरेशन होतं, रेडिएशन नंतर. तिथे मोजायला गाठच उरत नाही. जिथे ऑपरेशन शक्य नसतं त्या पेशंटची मोजमापं आमच्याकडे नव्हती. तंबाखू-मिश्रीमुळे तोंडाचे कर्करोग इकडे किती दिसतात ते रोज पाहणाऱ्या मला तो भाग सोडून देणं जिवावर आलं. पण आधार नव्हता, सोडला.

कलम ३(आय) बद्दल मला वाईट वाटलं नाही. माणसावरच्या उपचाराच्या आणि निदानाच्या पद्धतींना पेटंट नाही, हे मला पटतं. पेशंट समोर असताना डॉक्टरने परवाना शोधत बसू नये. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या कलमातल्या ‘निदाना’ची व्याप्ती तपासली आहे आणि भाकीत म्हणजे निदान नव्हे असा वाद घालता आला असता. आम्ही तो घातला नाही. मूळ अर्जात पद्धतीबरोबर प्रतिमा घेणाऱ्या आणि मोजणाऱ्या यंत्रणेचेही दावे होते. पद्धतीचे दावे मागे घेतले, यंत्रणेचे ठेवले, त्यांत वरचे सगळे स्पष्ट शब्द घातले. ३(के) साठी प्रतिमा जुळवण्यातला तांत्रिक भाग उलगडून दाखवला.

सुनावणी व्हिडिओवरून झाली, कॉलेज रोडच्या त्याच ऑफिसातून. पेटंट कार्यालयाच्या कंट्रोलर मॅडमनी एकच गोष्ट खोदून विचारली: दहाव्या फ्रॅक्शनच्या दिवशी मशीन बंद असेल आणि प्रतिमा अकराव्याला निघाली, तर ती यंत्रणेच्या हिशेबात धरायची की नाही? आमच्याकडे हे दर महिन्याला घडतं आणि दाव्यात मी ते लिहिलं नव्हतं. स्पेसिफिकेशनच्या एका परिच्छेदात मात्र ‘दहावे ते बारावे फ्रॅक्शन’ असं आलं होतं. एजंट सरांनी पान उघडून परिच्छेद क्रमांक सांगितला. सुनावणीनंतर लेखी म्हणणं द्यायला १५ दिवस असतात. ते नवव्या दिवशी दिलं, दाव्यात ती मर्यादा घालून. काही महिन्यांनी पेटंट मंजूर झालं. मूळ दाव्यापेक्षा बरंच अरुंद, पण आता कुणाच्याही हातात दिलं तरी एकच उत्तर देणारं.

काकांच्या बाबतीत डॉक्टरांचं उत्तर बरोबर होतं. त्यांची गाठ दहाव्या फ्रॅक्शनला फारशी हलली नव्हती; उतरलं होतं ते अंग. मास्क सैल झाला त्याच आठवड्यात त्यांना नाकातून नळी घातली, नवा मास्क करून प्लॅन पुन्हा केला, आणि ३५ फ्रॅक्शन पूर्ण झाले.

ऑपरेशन न होऊ शकणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाची मोजमापं आता एथिक्स कमिटीच्या परवानगीने वेगळी जमवतो आहोत. त्यासाठी नवा अर्ज लागेल, आणि आमचाच जुना अर्ज प्रकाशित झालेला असल्यामुळे तो नव्याविरुद्ध आधीची माहिती म्हणून मोजला जाईल. म्हणून या वेळी पहिल्या पेशंटपासून वहीत प्रत्येक प्रतिमेसमोर फ्रॅक्शन क्रमांक, मणक्यांची पातळी आणि कुणी मोजलं ते लिहितो. ‘प्रतिसाद’ असा रकाना त्या वहीत ठेवलेला नाही. तिथे ‘१२ आठवड्यांची पेट-सीटी’ लिहिलंय.